तिसरा खिळा

४ नोव्हेंबर

चौथा नाल. चौथ्यांदा वाकडा. मास्तरांनी सांडशीने उचलला, एक डोळा मिटून बघितला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

नालबंदीच्या शाळेत येऊन दोन महिने झाले. अकरा पुरुष आणि मी. चौतिसाव्या वर्षी, नवरा सोडून गेल्यावर, भावाच्या घरी राहून. पहिल्याच दिवशी दादा म्हणाला होता, माणसांशी जमलं नाही, आता घोड्यांशी बघ. सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन बसले.

६ नोव्हेंबर

वहिनीने माझे कपडे वेगळे भिजवायला सांगितले. जळक्या खुराचा वास जात नाही म्हणे. खरंच जात नाही.

९ नोव्हेंबर

मास्तरांनी जोड्या लावायला सांगितल्या. माझ्याबरोबर कोणी येईना. शेवटी काका उठले. आमच्यातले सगळ्यात मोठे, पंचावन्न-छप्पन्नचे. कारखाना बंद पडला म्हणून शिकायला आलेले. सगळेच त्यांना काका म्हणतात. "चल पोरी, उरलो ते आपण दोघं," म्हणाले.

घोड्याचा पाय मांड्यांत धरताना पाठ कशी ठेवायची ते त्यांनी दाखवलं. आज पहिल्यांदा पाठ दुखली नाही.

१४ नोव्हेंबर

खिळा ठोकताना कान उघडे ठेवायचे. खुराच्या बाहेरच्या कडेतून गेला की आवाज खणखणीत. आत, जिवंत मांसाकडे वळला की बद्द. बद्द वाजला तर तिथल्या तिथे उपटायचा, औषध भरायचं, मास्तरांना सांगायचं. सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. काकांचे सगळे खिळे खणखणीत. माझेही दोन!

२१ नोव्हेंबर

चाचणी झाली. बाहेरून दोन तपासनीस आले होते. आमच्या वाट्याला एका गाडीवाल्याची लाल घोडी, डावा पुढचा पाय. आळीपाळी वगैरे काही नव्हतं – ज्याच्या हातात हातोडी, त्याने खिळा ठोकायचा.

तिसरा मी ठोकला. बद्द वाजला. घोडीने पाय आखडला. काका पाठमोरे, ऐरणीपाशी. तपासनीस वहीत काहीतरी लिहीत होते.

मला कळलं होतं. हे नीट लिहून ठेवते – मला कळलं होतं. पण उपटायचा तर सगळ्यांसमोर उपटावा लागला असता. बाईमाणसाचं काम नाही, हे कोणाच्या ना कोणाच्या ओठांवर तयारच होतं. मी आणखी दोन घाव घातले.

पास झाले.

२२ नोव्हेंबर

कधी कधी काही होतही नाही, असं म्हणतात.

२५ नोव्हेंबर

गाडीवाला घोडीला घेऊन आला. तीन पायांवर चालत होती. खूर हाताला चटका बसेल इतका गरम. मास्तरांनी नाल काढला. तिसऱ्या खिळ्याबरोबर काळा पू आला.

तो खिळा तळहातावर घेऊन ते आमच्या दोघांसमोर उभे राहिले. "कोणाचा?"

काकांनी खिळा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"माझाच असणार."

"आवाज आला नाही?"

"नाही."

खिळा चुकला हे ज्याच्या हाताला कळत नाही, त्याने घोड्याचा पाय धरू नये, असं मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही. काका हत्यारं गोळा करायला लागले. मी भाता ओढत राहिले. भट्टीत तापायला काहीच ठेवलेलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

काकांनी मला पाठीशी घातलं. का? मी त्यांची कोण?

नवा जोडीदार म्हणाला, म्हातारा गेला ते बरं झालं. मी मान हलवली. हलवली!

१ डिसेंबर

घोडी जगेल. गाडी ओढेल की नाही, सांगता येत नाही. शाळेच्या तबेल्यात गाडीवाला दोन्ही वेळा तिचा पाय गरम पाण्यात धरून बसतो. आज मी बादली भरून नेली. ताई, तुमची फार माया आहे तिच्यावर, असं म्हणाला.

४ डिसेंबर

काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, अंधारा जिना. दार उघडताच काकू हळूच म्हणाल्या, कोणाशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलले तर बघा.

माझा दोष स्वतःवर का घेतलात, एवढंच विचारायचं ठरवून गेले होते. त्यांना कळेचना. "दोष कसला घेतला? माझाच खिळा तो. कान गेले असतील, नाहीतर हात." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. हल्ली सदऱ्याची बटणंसुद्धा मलाच लावायला सांगतात, असं काकू म्हणाल्या.

म्हणजे त्या दिवशी ते खरं मानूनच बोलले होते. हा माणूस नऊ दिवस स्वतःच्या हातांवर संशय घेत बसलाय, आणि मी दोन वेळा जेवत होते.

सांगून टाकलं. बद्द आवाज, आखडलेला पाय, वरचे दोन घाव – सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, पोरी."

काकूंनी पदराने डोळे टिपले. किती गुणाची मुलगी, म्हणाल्या.

५ डिसेंबर

सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि मास्तरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. हे घेऊन मी स्वतः काकांकडे जातो, म्हणाले. मग हात पुढे करून शाळेचा ॲप्रन परत मागितला.