पाण्याशी भांडायचं नाही

बाबा, परवा मी समुद्रात पोहले. जवळजवळ दोन किलोमीटर पोहून बाहेर आले, ओल्या अंगाने सायकलवर बसले, नव्वद किलोमीटर चालवली आणि सायकल ठेवून एकवीस किलोमीटर धावले. सगळं एकाच दिवशी, एकामागून एक, आणि प्रत्येकाला वेळेची मर्यादा. मर्यादा चुकली की तिथेच थांबवतात आणि घरी पाठवतात. अशा शर्यतीला लोक आपणहून जातात, वर वर्षभर तयारी करतात, हे तुला कळलं असतं तर तू म्हणाला असतास, "डोका ठिकानावर हाय ना गो तुजा?" सत्तेचाळीस वर्षांची बाई, मुलगा कॉलेजात, आणि हिला आता पोहायचंय, वरातीमागून घोडं. तुझं बोलणं मला अजून असं आयतं ऐकू येतं, त्याचाच मला राग येतो. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं मी पाण्यात पाऊल टाकलं नाही, कारण तू नको म्हणाला होतास. जिवंत बापाचं ऐकणं एक वेळ समजू शकतं. मेलेल्या बापाचं दहा वर्षं ऐकणाऱ्या बाईला काय म्हणावं, ते तूच सांग.

तुला अरे-तुरेच करते आहे. नारपोलीला सासरी आले तेव्हा तुला "बाबा, तू जेवलास काय?" असं विचारताना सासूबाईंनी ऐकलं आणि दोन दिवस त्या मला बापाला अहो म्हणायला शिकवत होत्या. त्यांना काय माहीत, आपल्या खाडीकाठच्या गावात बापाला अहो म्हटलं तर तो मागे वळून बघतो, कोण पाहुणा आला म्हणून. तेवढी जवळीक तू दिली होतीस, ते मी नाकारत नाही. पोहायलाही तूच शिकवलंस. मी सात वर्षांची असेन. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून तू मला बंदरावरून सरळ खाडीत सोडलंस. आई घरात, धाकटा भाऊ अजून रांगणारा, आणि तू लुंगी वर खोचून काठावर उभा. मी पाणी गिळते आहे, रडते आहे आणि तू ओरडतो आहेस, "तोंड वर ठेव! माना दिसली पायजेस!" मी तुला सतत दिसत राहायला हवं होतं. आठवड्याभरात डबा सुटला. पुढे भरतीत पोहायला शिकले, ओहोटीत शिकले. ओहोटीचं पाणी ओढायला लागलं की मी घाबरून उलटं पोहायला बघायची, तेव्हा तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचास. "पान्याशी भांडाचा न्हाय. पानी नेल तिकडं तिरपा जावाचा. किनारा कुठं ना कुठं लागतंच." आपल्या खाडीत ते खरं होतं. कुठेही लागलं तरी गाव आपलंच होतं, चिखल तुडवत घरी यायचं एवढंच.

मग ती नारळी पौर्णिमा. मी तेरा वर्षांची. सगळं गाव बंदरावर, पूजा झाली, मानाचा नारळ खाडीला वाहिला आणि त्यामागून पोरांसाठी दुसरे नारळ लांब फेकले. उड्या पडल्या. दरवर्षी मीही उडी टाकायचे, पण त्या वर्षी सगळ्यात लांबचा नारळ माझ्या हाती लागला. शेजारच्या घरातला एक दांडगा मुलगा माझ्या हातभर मागे राहिला. मी नारळ डोक्यावर धरून वर आले तेव्हा मला वाटलं, आता तू हसशील. तू पायऱ्या उतरून खाली आलास, माझ्या हातातून नारळ काढून घेतलास आणि मागून आलेल्या त्या मुलाच्या हातात दिलास. "घरी जा. कापडं बदल. आजपासून पान्यात जावाचा न्हाय." एवढंच. आवाजही चढवला नाहीस. माणसं दुसरीकडे बघताहेत, आणि माझ्या अंगावरून पाणी गळतंय. नंतर त्या मुलाने नारळ फोडून खाल्लाही असेल. मला मात्र पुढची कित्येक वर्षं खोबऱ्याचा वास आला की घशाशी यायचं. नारळाशिवाय एक भाजी होत नाही अशा घरात मी वाढले, तेव्हा विचार कर.

त्यानंतर महिन्याभरात तू मला सायकल आणून दिलीस. लाल, मुलींची, पुढे टोपली. सगळ्या गावाने तुझं कौतुक केलं, पोरीचे किती लाड करतो बघा. माझ्या हातात हँडल देऊन तू म्हणालास, "घे. जमिनीवर काय फिराचा ते फिर." मी ती सायकल बारावीपर्यंत चालवली, कारण शाळेला दुसरं वाहन नव्हतं, तिच्यावर प्रेम मात्र कधी केलं नाही. पुढे माझं लग्न झालं, नारपोलीच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात माझा संसार सुरू झाला आणि तुम्ही गावकऱ्यांनी भातशेती विकली. आज तुझ्या खाचरांवर गोडाऊन उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचचं काम बघते. माझ्या खुर्चीखाली कुठेतरी तुझा बांध असेल. खाडीचं तर विचारूच नकोस. पाणी काळं, वास असा की बंदरावर कोणी थांबत नाही. मला बाहेर काढलंस आणि मग सगळं गावच पाण्याबाहेर आलं. निदान मला थोडी वर्षं तरी पोहू द्यायचं होतंस.

सुरुवात डॉक्टरमुळे झाली. गुडघे दुखत होते, ते म्हणाले पोहा. मी सरळ नाही म्हणाले. नवऱ्याने विचारलं, का? मी म्हणाले, बाबांना आवडणार नाही. "अगं, ते आता आहेत कुठे?" तो म्हणाला आणि हसला, आणि त्या हसण्याने मला जे लागलं ते तुला काय सांगू. दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याच्या तरणतलावावर नाव घातलं. तिथली प्रशिक्षक माझ्या मुलाहून थोडी मोठी असेल. माझा पहिला फेरा बघून ती म्हणाली, "ताई, हे डोकं वर ठेवून पोहायला कोणी शिकवलं? मान मोडेल. खाली बघा, पाण्यात बघा." पाण्यात बघायला मला तीन महिने लागले. तू काठावर नाहीस, मी दिसले नाही तरी चालेल, हे माझ्या मानेला समजवायला तेवढा वेळ गेला. मग धावणं आलं, मग सायकल. पहाटे वज्रेश्वरीच्या रस्त्याने दिघाशीपर्यंत जायचे आणि यायचे. नाइट शिफ्ट सुटलेले लूमचे कारागीर चहाच्या टपरीवरून विचारायचे, "भाभी, इतना सवेरे कहाँ?" मी म्हणायचे, "कहीं नहीं भैया, वापस घर." त्यांना ते पटायचं नाही आणि खरं म्हणजे मलाही पटायचं नाही.

आता परवाचं. समुद्र शांत दिसत होता. पाण्यात खुणेसाठी मोठाले तरंगते नारिंगी बोये सोडलेले. त्यांना ठरलेल्या बाजूने वळसा घालून परत यायचं. पहिला बोया नीट गेला. दुसऱ्याकडे जाताना पाणी आडवं ओढायला लागलं, आणि मी काय केलं माहीत आहे? भांडले नाही. विचारसुद्धा केला नाही. चार वर्षं डोकं खाली घालून पोहायला शिकलेली मी, पण अंगाला ओढ लागल्याबरोबर सात वर्षांची झाले आणि पाण्याबरोबर तिरपी निघाले, किनारा कुठं ना कुठं लागतोच म्हणून. छान चाललं होतं. दमही लागत नव्हता. तेवढ्यात होडीतला स्वयंसेवक ओरडला, "मॅडम! बोया राहिला तुमचा! मागे फिरा, नाहीतर बाद!" डोकं वर काढून बघते तर बोया पार मागे, आणि बाकीच्यांच्या टोप्या भलतीकडे. इथे कुठेही लागलेला किनारा चालत नव्हता. तुझ्या शिकवणीने मला वर्षभराच्या मेहनतीसकट शर्यतीबाहेर नेऊन सोडलं होतं. एकट्या खाडीला पुरणारं शहाणपण तू मला जगभराचं म्हणून दिलंस, बाबा. आणि मी ते कुठे कुठे वापरलं याचा हिशेब त्या लाटांत एका क्षणात झाला. कॉलेज सोड म्हणालास, तिरपी गेले. लग्न ठरवलंस, तिरपी गेले. सासरी गप्प बसले, कारण भांडायचं नाही, किनारा लागेल.

मी वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याच्या ओढीविरुद्ध पोहले. पाणी गिळलं, खांदे पेटले, बोया जवळ येता येईना. स्वयंसेवकाने विचारलं, होडीत घेऊ का? मी त्याला जे बोलले ते खरं तर तुला होतं. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने होडी बाजूला घेतली. वळसा घातला. बाहेर आले तेव्हा पोहण्याची वेळ संपायला इतकं थोडं उरलं होतं की वाळूतली माणसं "पळा, पळा" म्हणत होती. सायकलवर मी नव्वद किलोमीटर तुझ्याशी भांडले. मोठ्याने. शेजारून जाणाऱ्या एका मुलाने काळजीने विचारलं, काकी, बरं वाटतंय ना? मला खूप बरं वाटत होतं. धावताना मात्र राग पुरला नाही. ऊन, पायात गोळे, पोटात काही ठरत नाही. अर्ध्या वाटेनंतर मी चालत होते, मग खांबापासून खांबापर्यंत धावत होते. शेवटी रेघ ओलांडली, वेळेच्या आत, अगदी काठावर. माईकवर माझं नाव पुकारलं ते सासरच्या आडनावाने. नवरा पाण्याची बाटली घेऊन उभा होता, म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हणाले, "नाही." आणि खाली बसून ढसाढसा रडले. त्याला वाटलं आनंदाने.

काल गावी गेले, पदक दाखवायला. आई आता भावाकडे असते, तिला कमी दिसतं. स्वयंपाकघरात तव्याशी बसून तिने ते बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं, परत दिलं. भाऊ म्हणाला, "बाबा असता तर गावभर पेढे वाटले असते." मी फाडकन म्हणाले, "बाबा असता तर मी गेलेच नसते. ह्याच बंदरावर काढलंन ना मला पाण्यातून." भाकरी उलटता उलटता आई थांबली. मग तव्याकडेच बघत म्हणाली, "तो न्हाय गो काढत व्हता. मीच सांगला त्याला. बायका बोलाया लागल्या, पोर मोठी झाली, भिजलेली पोरांत फिरते, हिला करल कोन? मी चार दिस जेवली न्हाय, तवा त्यानी आयकला. म्हनला, पुनवेचा एक दिस जाऊ दे तिचा." भाऊ उठून बाहेर गेला. मी विचारलं, "आणि नारळ? तो काढून घ्यायला पण तूच सांगितलंस?" ती म्हणाली, "नारलाचा माना न्हाय ठावं. तो तुज्या बापाचा त्यालाच ठावं." आणि तिने माझ्या ताटात गरम भाकरी टाकली.

रात्रभर मी ते घोळवते आहे. तू शेवटचा एक दिवस मला दिला होतास म्हणे. मला सांगितलं असतंस तर मी तो पोटभर पोहले असते. पण तुम्ही दोघांनी काही सांगितलं नाही, तू दोष अंगावर घेऊन मरून गेलास, आणि आईने इतकी वर्षं मला तुझ्यावर चिडू दिलं. आता न्यायाने बघायला गेलं तर हा राग उचलून तिच्याकडे न्यायला हवा. तो जात नाही. तिला सकाळी फोन करून गोळी घेतलीस का विचारायचं असतं, रविवारी मासळी घेऊन जायचं असतं. तिच्यावर रागावले तर ती जेवणार नाही आणि मी पुन्हा तिरपी जाईन. तुझं तसं काही नाही. शिवाय हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार आहे, की तू वाचून आपली बाजू मांडशील? सकाळी मी ते फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट खरी सांगते, बाबा. तुझी चूक अर्धीच होती हे कळलं तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं, पण मी घाबरले. तुझ्यावर चिडायचं नाही म्हटल्यावर तुझ्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही.