पाच वावांच्या आत

बाबा, आज रविवार. दुपारची वेळ आहे आणि अलिबागच्या माझ्या खोलीत खिडकीपाशी बसून मी तुला लिहिते आहे. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता मत्स्य खात्यात आहे, गस्तीच्या बोटीवर. आपल्याकडे किनाऱ्यालगत, पाच वावांच्या आत, ट्रॉलरने जाळं ओढायचं नाही असा नियम आहे. कुणी ओढलं तर त्याला पकडायचं, हे माझं काम. यंत्राच्या पडद्यावर पाण्याची खोली आकड्यांत दिसते. तू दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचास आणि दोन्ही हात पसरून दोरी मोजायचास, एक वाव, दोन वाव. मी सात-आठ वर्षांची, होडीच्या टोकाशी पाय पोटाशी घेऊन बसलेली. सकाळचं पाणी दुधासारखं पांढुरकं, कोर्लईचा डोंगर धुक्यात अर्धा विरघळलेला. खुंटांना बांधलेली आपली डोल, पिशवीसारखं लांब जाळं, ओहोटीच्या ओढीने भरत असते आणि तू गोळ्याला चिकटलेला गाळ नाकाशी नेतोस. "हितं मावरं अंडी घालतं, बाय. हळू बोल." खाली कुणी तरी झोपलं आहे असंच मला वाटायचं. अजूनही त्या पाण्यावरून जाताना माझा आवाज आपोआप उतरतो. बोटीवरच्या लोकांना वाटतं, मॅडमना बरं नाही.

तू मला एकदाच टोकलंस. धक्क्याला लागलेल्या एका ट्रॉलरवरच्या खलाशाने मला पिशवीभर पापलेटं दिली होती, एकेक रुपयाएवढं. मी नाचत घरी आले. आई चुलीपाशी होती, तू जेवत होतास. तू पिशवीत पाहिलंस आणि म्हणालास, "ही पोरं हायत. पोरं कोन खातं?" आवाज चढवला नाहीस, पण अर्ध्या ताटावरून उठलास. आईने ते मासे कोंबड्यांना घातले. तू माझ्यावर रागावला आहेस असं समजून मी संध्याकाळपर्यंत ओट्यामागे बसून राहिले.

मग त्याच वर्षी तो दिवस आला. आपण डोलीपाशी पोचलो तर डोल नव्हतीच. एक ट्रॉलर उथळात शिरून आपलं जाळं फरफटत घेऊन गेला होता. खुंटाला हातभर चिंधी उरली होती, ती पाण्यात हलत होती. तू ती सोडवलीस, घडी घातलीस आणि मला घेऊन मत्स्य खात्याच्या कचेरीत गेलास. दुपारपर्यंत आपण बाकावर बसलो. टेबलामागच्या साहेबाने विचारलं, "बोटीचा नंबर काय?" तू म्हणालास, "निळी बोट व्हती, सायेब." "नंबर?" तू माझ्याकडे पाहिलंस. पहाटे धक्क्यावरून ट्रॉलर जाताना तुला एकट्याला दिसला होता, पण तुला अक्षर येत नव्हतं. परतीच्या एसटीत तू ती चिंधी मांडीवर घेऊन बसलास. चौलच्या सुपारीच्या वाड्या खिडकीतून मागे जात होत्या. मग तू एवढंच बोललास, "तू शिक. तू नंबर वाच." दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीचा नंबर तू माझ्याकडून मोठ्याने वाचून घेऊ लागलास. माझं शिक्षण, ही नोकरी, सगळं तिथून सुरू झालं.

तू गेल्यावर दादाने होडी विकली आणि मित्रांबरोबर भागीदारीत ट्रॉलर घेतला. त्याला मी दोष देत नाही. आमच्या वयाचं कुणीच आता डोलीवर जात नाही. पण गेल्या कार्तिकात एका सकाळी, अगदी तुझ्या त्या पांढुरक्या पाण्यात, पडद्यावर साडेतीन वाव दिसत असताना, समोर एक ट्रॉलर जाळं ओढत होता. त्याचा नंबर वाचायची मला गरज पडली नाही.

आम्ही बाजूला लागलो. दादा सुकाणूपाशी उभा होता.

"दादा, जाळं वर घे."

"भाईर खोलात काय न्हाय गो," तो म्हणाला. "आठ दिस फिरलो. खलाशांना काय सांगू?"

"जाळं वर घे."

जाळं वर आलं. फळीवर बोटाएवढे बोंबील, चिखल, खेकड्यांचे तुटलेले पाय आणि पापलेटांची पिल्लं सांडली. काही अजून तोंडं उघडत होती. दादा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बाबानं मला सोडला असता."  मी पंचनामा लिहिला. त्याने सही केली. त्याचा परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आई त्याच्याकडेच असते, दुपारी सगळे निजले की मला फोन करते. परवा म्हणाली, दादाने मोठ्या आसाचं, पिल्लं निसटून जातील असं नवीन जाळं आणलंय, अंगणात बसून शिवतोय. "तुजं नाव नाय काढत, पन तू कवा येशील असं पोरांना इचारतो." 

आता एक गोष्ट, जी मी अहवालात लिहिलेली नाही. अहवालात आहे की बोट दिसताच आम्ही पाठलाग सुरू केला. तसं झालं नव्हतं. तो निळा-पिवळा रंग मी दुरूनच ओळखला आणि आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाला म्हटलं, "इंजिन जरा हळू घ्या." दादाने आम्हाला बघावं, जाळं उचलावं आणि खोल पाण्यात निघून जावं, एवढीच माझी इच्छा होती. पाव तास आम्ही तसेच रेंगाळलो.  दादाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी त्याला जाऊ दिलं असतं, बाबा.