जावयांना दिलेली रोपे

श्री. मसांजाला यांस,

१४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या फळबाग-प्रकल्पाच्या लिलाँग्वेतल्या कचेरीत तुम्ही माझ्या अहवालावरचे माझे नाव खोडलेत आणि शेवटच्या पानावर ‘स्थानिक स्वयंसेविका’ असे लिहिलेत. एकतीस वर्षे मी संशोधक होते. यावर तीन पत्रे लिहिली आणि कपाटात ठेवली. हे चौथे.

अहवालात म्हटले होते की आंब्याची रोपे बायकांना द्या. आपल्याकडे, मलावीच्या या भागात, जमीन आईकडून लेकीला जाते आणि नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. तुम्हीही तसेच राहता. तरी म्हणालात, “बाई, देणगीदारांच्या फॉर्मवर कर्ता पुरुषच असतो.” रोपे जावयांना दिलीत. ती वाळली.

निवृत्तीनंतर मी खरोखरच स्वयंसेविका झाले आणि चिम्वाला गावच्या बायकांबरोबर नवी रोपे लावली. यंदा चारशे झाडे फळली आहेत. काल तुमचा माणूस पुस्तिकेसाठी फोटो काढायला आला, तेव्हा गावची मुखिया नांबेवे त्याला म्हणाली, “जावयाला पाणी द्यायचं असतं, बाबा. त्याला झाडांना पाणी घालायला लावत नाहीत. हे आमच्या बाईंनी आधीच लिहिलं होतं. त्यांचं नाव छापा, मग काढा फोटो.” बायका बागेच्या फाटकातून हलल्या नाहीत.

तेव्हा अहवाल माझ्या नावाने पुन्हा छापल्याचे लेखी उत्तर ३१ जानेवारीला दुपारी बाराच्या आत नांबेवेच्या हाती द्यावे. त्यानंतर फोटोसाठी झाडावर आंबे राहणार नाहीत.

स्वतःच्या नावाने,
डॉ. फिलोमिना चिसाले