डबीशेजारची वाटी

आई, आज कपाट उघडलं तर वाटी कोरडी ठणठणीत. चार दिवस माझ्याकडून राहूनच गेलं. तू जाऊन सोळा वर्षं झाली, आखातातला तो ओल्ड एअरपोर्ट भागातला फ्लॅट सोडून आम्ही अल वक्र्याला आलो, तरी त्या जपानी डबीशेजारी पाण्याची वाटी ठेवायची तुझी पद्धत मी मोडलेली नाही. लेक हसते. "ममा, इट्स जस्ट अ बॉक्स," म्हणते. मराठी सगळी कळते तिला, उत्तर मात्र इंग्रजीत.

तू नर्स होतीस त्या वॉर्डात महिनाभर राहिलेल्या जपानी आजींनी बऱ्या होऊन जाताना ती डबी तुझ्या हातात ठेवली होती. त्यांच्या चहाच्या विधीत हिरवी चहापूड ठेवायची डबी, मुठीत मावेल एवढी, काळ्या लाखेची, झाकणावर सोन्याच्या भुकटीने काढलेलं गवत. त्यांनी एकच बजावलं होतं, लाखेला कोरडी हवा सोसत नाही, एसीच्या घरात जवळ पाणी ठेव. तेव्हापासून तू ड्युटीवरून आलीस की आधी वाटी बघायचीस. पप्पा म्हणायचे, "आम्हाला कोण पाणी विचारतंय!"

जपानला परतण्याआधी आजी आपल्याकडे चहाला येणार असं ठरलं. मी दहा वर्षांची. सणाआधी वसईच्या घरी तू क्रूसापुढची पितळी मेणबत्तीदानं चिंच-मिठाने लख्ख करायचीस, ते मी बघितलेलं. तुला खूश करावं म्हणून मी डबी घेतली, चिंच, मीठ आणि काथ्या घेतला, आणि घासत सुटले. अर्धं गवत माझ्या बोटांवर आलं. घाबरून डबी पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

संध्याकाळी तू कपाट उघडलंस आणि तिथेच खाली बसलीस. "वाटी कोरडी गं. सकाळी भरायला विसरले मी." त्या आठवड्यात तुझी डबल ड्युटी होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनाही न घाबरणारी तू, आजींसमोर "सॉरी मॅडम, आय फरगॉट द वॉटर" म्हणालीस आणि तुझे डोळे भरले. आजींनी डबी नाकाजवळ नेली, माझ्याकडे पाहिलं, आणि तुझा हात हातात घेतला. किती भली बाई होती.

पुढे तू एक दिवस चुकली नाहीस. शेवटच्या आजारपणात, नळ्या लावलेल्या असतानाही विचारलंस, "वाटी भरलीस ना गं?" मी "हो" म्हणाले. तेवढंच म्हणाले.

आज लेकीने विचारलं, सोनं कशाने गेलं. "एसीने," मी पटकन म्हणाले. तिची पाठ वळल्यावर हे लिहायला बसले. कागद लहानच घेतलाय, घडी घालून डबीत मावेल असा.

त्या सकाळी तू वाटी काठोकाठ भरून गेली होतीस, आई. मीच ती बेसिनमध्ये ओतली.