वाढत्या अंगाचा कोट

९ सप्टेंबर
दाराची घंटा वाजायच्या आत प्रोफेसरांचा आवाज दुकानात. "मास्टर, जिंकलो!" अकरा वर्षं हद्दपार माणूस. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नजवळ, कम्युनिटी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतो, बायको हॉस्पिटलात नर्स. आता पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष. आमचे डॉ. कुलकर्णी पँट आखूड करायला आले होते. पायाला टाचण्या लावलेल्या, तसेच पुढे सरकून हात मिळवला नि ओरडले, "आईगं!"

शपथविधीचा कोट माझ्याकडूनच. छाती ४२, गळा १६. उजवा खांदा जरा वर, फळ्यावर लिहून लिहून. मी नेहमीप्रमाणे शिवणीत दोन इंच सोडणार म्हटलं. "हे काय?" बार्शीत शाळेच्या युनिफॉर्मला आया सांगायच्या, मास्टर, वाढत्या अंगाचा शिवा. सवय गेली नाही. प्रो. हसले. "त्रेपन्नाव्या वर्षी काय वाढणार मी?"
"खुर्चीत बसलेला माणूस वाढतो, प्रोफेसर."
मादाम (त्यांची बायको) हसली नाही.

२ ऑक्टोबर
दुकान दोन तास बंद. लॅपटॉपवर शपथविधी. कोट खांद्यावर असा बसलाय, व्वा. सु. (माझी बायको) म्हणाली, "माणसाकडे बघा की जरा." बघितलं. डोळे पुसत होते. ड्राय-क्लीनरच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांच्या पँटा आखूड करत इथवर आलो. आज माझं काम तोफांच्या सलामीत उभं.

मादाम गेली नाही. नोकरी, फ्लॅट, सगळं इथेच. "मास्टर, एक पाय इकडे असू दे."

१७ मे
प्रो. वॉशिंग्टनच्या दौऱ्यावर आले होते, हॉटेलात बोलावलं. दाराशी चार गार्ड, माझी टेपसुद्धा तपासली. पूर्वी "आम्ही करू" म्हणायचे. आज तासाभरात "आम्ही" एकदाही नाही, सगळं "मी". एका संपादकाला आत टाकलंय. मी माप घेता घेता विचारलं. "मास्टर, तू कापड बघ."
बघितलं. गळा १६, छाती ४३. आतलं कापड थोडं सोडून दिलं. अंग वाढलं होतं खरं.

परत येताना गाडीत सु.ला म्हटलं, आपला माणूस राहिला नाही. सु. : "आपला कधी होता? गिऱ्हाईक होता." ते काही खरं नाही.

११ जानेवारी
राजवाड्यातून पुतण्याचा मेसेज. प्रो.चा पुतण्या, त्यांचं सगळं तोच बघतो. नवा कोट, शर्ट. छाती ४४½. गळा १५½.
दोनदा वाचलं. माणूस सुटतो तेव्हा गळाही सुटतो. इथे गळा उतरलाय, छाती चढलीय. म्हणजे अंगावर काहीतरी आहे. अंगाचं नाही.

१२ जानेवारी
पुतण्याला फोन. म्हटलं, अंगाचं माप पाठवलंस की बुलेटप्रूफ जॅकेटसकट? तो : "काका खूप जेवतात हल्ली." शब्द साधे. पण आवाज हसत होता. बुलेटप्रूफ घातलेल्या काकाबद्दल बोलताना पुतण्याचा आवाज का हसावा?
मादामला सांगू? काय सांगू? आवाज हसला म्हणून?

१५ जानेवारी
सांगितलं शेवटी. मादाम : "तो मुलासारखा आहे त्यांना." चहा अर्धा टाकून गेली.

३० जानेवारी
कोट, शर्ट कुरियर केले. छाती ४४½, वर चार इंच ढिलाई, तयार कोट ४८½. कोटाच्या आतल्या खिशात नेहमीची कापडी चिठ्ठी शिवली, तयार कोटाची मापं लिहून. परगावी कुणा शिंप्याला उसवावा लागला तर त्याला कळावं. कोटाच्या चिठ्ठीवर गळा नसतो.

४ एप्रिल
डॉ. कुलकर्णींचा फोन. "अहो, तुमच्या राष्ट्राध्यक्षाच्या राजवाड्यात गोळीबार! टीव्ही लावा." लावला. धूर. स्वतःच्याच गार्डांनी. सात माणसं मेली म्हणे, कोण ते सांगत नाहीत. मादाम फोन उचलत नाही. तिच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडंच होतं. युनिफॉर्ममध्ये जमिनीवर बसलेली, एक बूट पायात.

५ एप्रिल
त्यांच्या रेडिओवर लष्कराचं निवेदन. फ्रेंच मला येत नाही. पण आवाज ओळखला, पुतण्याचा.
मादामकडे पाहिलं. तिनेही ओळखला होता.

२१ एप्रिल
सतरा दिवस. ना फोटो, ना आवाज, ना मढं. राजधानीत रोज माणसं रस्त्यावर, "आमचा माणूस दाखवा." मादाम ड्यूटी करते, सुटली की दुकानात येऊन बसते. बटणांचे डबे लावते. उगाच. लावू देतो.

९ जुलै
पुतण्याचा फोन आला, मादामला, दुकानातच. ती स्पीकरवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. काका जिवंत आहेत. सोडू, विमानात बसवू. बदल्यात काकूने शुक्रवारी इथल्या दुपारी बारापर्यंत रेडिओसाठी बोलायचं : माझे पती राजीनामा देत आहेत, लोकहो, घरी जा. आणि एक कोट पाठवायचा. जाताना टीव्हीवर नीट दिसले पाहिजेत, त्यांना मास्टरचाच हवा म्हणतात.
"आवाज ऐकव त्यांचा," मादाम म्हणाली.
"तब्येत बरी नाही, काकू."
या वेळी हसत नव्हता. घाईत होता.

जिवंत असतील तर तिच्या एका वाक्याने सुटतील. नसतील, तर तिच्याच तोंडून रस्ते रिकामे व्हायचे आणि सगळं पुतण्याच्या नि लष्कराच्या घशात. मुग्धाला (आमची लेक) सांगितलं तर म्हणते, "बाबा, यू आर अ टेलर. स्टे आउट ऑफ इट."

१० जुलै
मापं आली. कागदाचा फोटो, कुणाच्या तरी हातचं. मादामने फोन माझ्यापुढे धरला. "तू सांग. हा माणूस जिवंत आहे का?"
आयुष्यात गिऱ्हाइकांनी काय काय विचारलंय. हे नाही.

छाती ४८½.
हे अंगाचं माप नाहीच. तयार कोटाचं आहे, माझ्या चिठ्ठीवरचं. तीन महिने कैदेत असलेल्या माणसाची छाती एवढी? बाही, लांबी, खांदा, सगळं चिठ्ठीसारखं. म्हणजे यांच्या हातात कोट आहे. माणसाला कुणी टेप लावलीच नाही.

खाली शेवटची ओळ. गळा १४½.
वही काढली. १६, १६, १५½. साडेचौदा कुठेच नाही. चिठ्ठीवर गळा नाही, मी पाठवलेले शर्ट साडेपंधराचे. मग हा आकडा आला कुठून? कुणीतरी कुणाच्या तरी मानेला टेप लावली. की पुतण्याने अंदाजाने ठोकला? जानेवारीत मापं त्यानेच कळवली होती, गळा उतरत चाललाय हे त्याला ठाऊक.

दोन्ही सांगितलं. मनात ठेवून काय करू?
"म्हणजे?"
"छाती म्हणते नाहीत, मादाम. गळा म्हणतो आहेत."
बराच वेळ बोटाने साडेचौदावर गिरवत बसली. मग म्हणाली, "लग्नात त्यांचा गळा साडेचौदा होता. मीच कॉलर शिवली होती." हे पुतण्याला माहीत असणार नाही. की असेल? घरातलाच पोरगा.

११ जुलै, शुक्रवार
मादाम सकाळी आली. रात्रीची ड्यूटी करून, डोळे लाल. "तू कोट कापलास का?" नाही म्हटलं. "काप." रेडिओचं काय, विचारलं नाही. फोन घेऊन पार्किंग लॉटमध्ये गेली. काचेतून दिसते. ओठ हलतात, हात हलत नाही. एवढे कान माझे, पण एसी आणि पलीकडच्या डेटा सेंटरची घरघर. काही ऐकू येत नाही. निरोप पाठवतेय, की पाठवणार नाही म्हणून सांगतेय?

नेव्ही ब्लू घेतलं, शपथेचं होतं तसं. त्यांनी पाठवलेली छाती खोडली. गळा साडेचौदाचा माणूस डोळ्यांपुढे आणला, छाती अडतीस धरली. उजवा खांदा वर. खडूने आखलं, कात्री लावली.

सु. मागे उभी. "बाजूला एवढं कापड का सोडलंत? तीन-तीन इंच?"
"घरी आले की खातील ना नीट."
तिने सुईत दोरा ओवून दिला.

बाराला दहा कमी. मादाम अजून बाहेर. कच्चा धावदोरा घातलाय, पक्की शिलाई नाही.