फोर्कलिफ्टवर कोण होतं

४ नोव्हें., मंगळ.
पप्पांच्या पायाचं दुसरं ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली. घोट्याचं विचारलं तर डॉक्टर इंशाल्ला म्हणतात. पप्पांच्या गोदामाचा मॅनेजर फळं घेऊन आला होता. पप्पा पडल्या पडल्याही त्याला सर, सर करत होते. जाताना मला म्हणाला, क्लेमच्या भानगडीत पडू नकोस, पप्पांचा इथला व्हिसा जानेवारीत संपतोय.

५ नोव्हें., बुध.
हाफ डे. सनाबिसला वकीलबाईंकडे गेले. सगळं सांगितलं: फोर्कलिफ्ट मागे आली, पप्पा मालाच्या पॅलेटपाशी वाकले होते. त्यांनी एकच विचारलं, "गाड़ी कौन चला रहा था?"
पप्पांना विचारून सांगते म्हटलं.
सुरेशकाका होते. पप्पांच्याच गोदामात हेल्पर आहेत, लायसन नाही. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की मॅनेजरच त्यांना बसवतो. पण कंपनी म्हणणार, हा आपणहून बसला. नाव न सांगता केस उभी राहणार नाही, वकीलबाई म्हणाल्या.

१४, शुक्र.
शुक्रवारची बुद्धवंदना एरवी काकांच्या खोलीवर असते, अरादला. आज, पप्पा हॉस्पिटलातून घरी आलेत म्हणून, आमच्याकडे जिदहफ्सला झाली. काका आले नाहीत, खीर पाठवली. सगळे गेल्यावर पप्पांकडे काकांचं नाव सांगण्याचा विषय काढला.
"त्याला चालवायला मीच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत. ओझी उचलून पाठ गेली होती त्याची." मग म्हणाले, "मी घसरलो म्हणून सांग."
खोटं सांगू? अन्याय सहन करायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?
"मीच. पण सुरेशला दोन पोरी आहेत."
थोरली बारावीला. माझ्यासारखी घरातली पहिली ग्रॅज्युएट व्हायचंय तिला.

१६, रवि.
इथे आखातात रविवार कामाचा. ऑफिस सुटलं तर खाली काका, ड्यूटीच्या कपड्यांत. "जय भीम, ताई." एरवी मला 'पोरी' म्हणतात.
फोर्कलिफ्टवर अजून त्यांनाच बसवतायत. काल नको म्हणाले, तर मॅनेजर म्हणाला, यल्ला, चालव, नाहीतर गावी जा. रिव्हर्स घ्यायच्या आधी दोनदा उतरून मागे बघतो म्हणाले.
"माझं नाव सांग वकीलबाईला." दोन पावलं जाऊन परत आले. "मार्चपर्यंत थांबता येईल का? पोरीची परीक्षा होऊ दे."
पप्पांचा व्हिसा जानेवारीपर्यंत. हे त्यांना सांगवेना.

१७, सोम.
वकीलबाईंचा मेसेज: उद्या येताय का? पप्पा कुबडीवर दारापर्यंत जाऊन आले. घाम फुटला होता. काका भेटल्याचं सांगितलेलं नाही.
"सुरेश कामावर जातोय ना?"
म्हटलं, जातोय.
काय काम करतोय, ते त्यांनी विचारलं नाही. माहीत असणार.
मेसेजला 'येते' एवढं टाइप केलंय. पाठवलेलं नाही. उद्याही गोदाम सातलाच उघडेल आणि काकांना पुन्हा फोर्कलिफ्टवर बसवतील.