कडू घासाचा डबा कुठं गेला

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार

आदरणीय पारूआक्का,
संघपालचा सविनय जयभीम.

तुमचे गुडघे आणि देवगावची मका, दोन्ही उभे असतील अशी आशा करतो. मी बरा आहे. रत्नमाला गेल्यावर माणूस जेवढा बरा असतो तेवढा. कडू घासाचा डबा पोचला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "हं" म्हणालो. (फोनवर मला तेवढंच जमतं. बाकीचं तुमची बहीण बोलायची.) डब्याचं नीट सांगायला हवं म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीचं तोंड पोलिसांनी सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केलं, हे तुम्ही पाहिलंच आहे. समोरच्या दुकानातून साखर आणायची तर गाडीनं उड्डाणपुलाखालून वळसा. रत्नमालाच्या शववाहिकेलाही तोच वळसा पडला. तुम्ही गाडीत होतात. मला सारखं वाटत होतं, आता ही उठते आणि ड्रायव्हरला झापते. (आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात तिनं ठोकळ्यावर चढून हवालदाराला झापलं होतं.)

तुम्ही गावी गेलात आणि आमच्या मंडपवाल्या अफजलभाईंनी भेटायला येणाऱ्यांसाठी मंडप टाकला. "भाईजान, रोड तो बंदच है, पूरा डाल देता मैं," म्हणाले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकला. मी तिच्या फोटोशेजारी पांढऱ्या कपड्यांत बसलो. तुमच्या घरचा कडू घास येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा आपला रिवाज. कुणी चहा आणला की मी हात हलवायचो.

तेवढ्यात पलीकडच्या कॉलनीतले रस्ता बचाव कृती समितीचे इंद्रजीत आले. बंद रस्त्यावर मंडप, मंडपात पांढऱ्या कपड्यातला माणूस, न बोलणारा, चहा परतवणारा. त्यांनी माझे पाय धरले. "काका, घोटभर पाणी तरी घ्या. नाय? बघा रे, याला म्हणतात निर्धार!" तासाभरात माईक आला, सतरंज्या आल्या. मी सांगणारच होतो, पण माझ्या गळ्यात हार पडला आणि हार घातल्यावर बोलायचं कसं हे मला माहीत नाही. रत्नमालाच्या फोटोवर "रस्ता खुला करा" असा फलक लागला. तो मात्र मी राहू दिला. फोटोतला तिचा चेहरा अगदी हवालदाराशी बोलतानाचा आहे.

तुमचा आकाश डबा घेऊन आला तो या गर्दीत. "उपोषणाच्या मंडपात डबा? आंदोलनाची बदनामी करतो का रे?" म्हणून समितीनं डबा जप्त केला. साखळी उपोषणाला बसलेली मंडळी पाळीपाळीनं आमच्या स्वयंपाकघरात जाऊन आली. ठेचा लई भारी होता म्हणतात.

दुसऱ्या दिवशी एक साहेब लिंबू सरबत घेऊन आले. मी प्यायलो. (रिवाज मोडला, माफ करा. घसा कोरडा पडला होता.) टाळ्या झाल्या, क्रेन आली, ठोकळे गेले. त्यांच्यामागं समितीही गेली.

आज सकाळी समिती परत आली. आता रस्ता खुला आहे आणि आडवा फक्त आपला मंडप आहे. "काका, तुम्हीच लोकांची गैरसोय करायची का?" इंद्रजीत म्हणाले. मागं घोषणा चालू होत्या. मी मान हलवली. ते होकार समजले. शनिवारी संध्याकाळी मंडप निघणार.

तुमचा,
संघपाल

ता. क. रविवारी रत्नमालाचं पुण्यानुमोदन आहे आणि वंदना घ्यायला भन्तेजी येणार आहेत. तोवर मंडप राहावा यासाठी समितीशी कुणीतरी भांडायला हवं. तुमचा आवाज रत्नमालासारखाच आहे, म्हणून विचारतो.

ता. क. डबा सापडला, झाकण नाही.

ता. क. मंडप गेला तरी चालेल, आक्का. गच्चीवर करू. पण गर्दी गेल्यापासून घरात कुणीच बोलत नाही. तुम्ही या आणि मलाच झापा. येताना घास आणा, मी अजून जेवलेलो नाही.